पडणें, डळमळणें आणि पंचांचा हिशेब



जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेंत उंच तुळईवर एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी कसरत करीत असते. मध्येंच तिचा पाय निसटतो आणि ती खालीं येते. प्रेक्षकांत हळहळ उठते, "गेलें सारें!" असें कोणी तरी बोलूनहि जातो. पुढें निकाल लागतो, आणि पाहावें तों ही पडलेली मुलगी एका न पडलेल्या मुलीच्या वर आलेली असते! मग पंचांच्या हेतूविषयीं कुजबूज सुरू होते. वास्तविक पंचांनीं कोणावर मेहेरबानी केलेली नसते. त्यांनीं केवळ बेरीज आणि वजाबाकी केलेली असते. तो हिशेब कसा मांडतात, हें आज सोप्या शब्दांत सांगावें असा विचार आहे.

तोल सांभाळून अंगाची कसरत करणें आपल्या प्रांताला नवें नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेले बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाच्या विद्येचें पुनरुज्जीवन केलें, हें आपण परंपरेनें जाणतों. मुंबईस दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ सालीं स्थापन झालेलें श्री समर्थ व्यायाम मंदिर हें त्याच परंपरेंतलें. फेब्रुवारी २०१९ मध्यें मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा त्याच शिवाजी पार्कवर झाली. तिच्या एकच महिना आधीं, पुण्यास बालेवाडीच्या क्रीडानगरींत 'खेलो इंडिया' युवा स्पर्धा भरल्या होत्या. सतरा आणि एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या त्या स्पर्धांत जिम्नॅस्टिक्सचाहि समावेश होता. आमच्या सारोळ्याहून पुण्यास जाणारा रस्ता पूर्वीं बाजारहाट आणि कचेरीच्या कामासाठीं तुडवला जाई. आतां त्याच रस्त्यानें मुलें असल्या स्पर्धा पाहावयास जातात. तेव्हां त्यांचे नियमहि घरांतील वडील मंडळींना ठाऊक असलेले बरे.

पूर्वीं या खेळांत पूर्ण गुण दहा असत. १९७६ सालीं माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीनें ते पूर्ण दहा मिळविले. गुणफलकावर १०.०० हा आंकडा दाखविण्याची सोयच नव्हती, म्हणून तेथें १.०० असें झळकलें! २००६ पासून ही पद्धत बदलली. आतां गुणांचे दोन भाग असतात. पहिला भाग काठिण्याचा : कसरत जितकी अवघड, तितके गुण वाढत जातात. दुसरा भाग सफाईचा : येथें प्रत्येक खेळाडूचा प्रारंभ दहापासून होतो आणि चुकीगणिक गुण कमी होत जातात. दोन्हींची बेरीज म्हणजे अंतिम गुण. पडणें आणि डळमळणें यांचा मुख्य हिशेब या दुसऱ्या भागांत होतो.

त्याचें कोष्टक लहानसें आहे. लहान चूक ०.१, मध्यम चूक ०.३, मोठी चूक ०.५ आणि पडणें पूर्ण १ गुण. मुलांना आणि मुलींना कोष्टक हेंच.

आतां तुळईचें, म्हणजे ज्याला बॅलन्स बीम म्हणतात त्या साधनाचें उदाहरण घेऊं. ती पांच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि अवघी दहा सेंटिमीटर रुंद असते. बंद मुठीहून किंचित् अधिक. तिच्यावर गिरकी घेतांना मुलीचे हात तोल सांवरण्यासाठीं किंचित् हलले, तर ०.१ जातो. कमरेंतून ती स्पष्टपणें एका बाजूस झुकली, तर ०.३; सारें अंग हेलकावलें आणि आतां पडते कीं काय असें वाटलें, तर ०.५. पडूं नये म्हणून तिनें हातांनीं तुळईच धरली, तरीहि ०.५. म्हणजे डळमळण्यालाहि मोल आहे, आणि तें त्याच्या मानानें ठरतें.

उडी मारून जमिनीवर उतरतांनाहि हेंच. पाय जागच्या जागीं रोवले गेले तर उत्तम. लहानसें पाऊल सरकलें, तर ०.१; सुमारें मीटरभर मोठी टांग पडली, तर ०.३. उतरतांना खोल बैठक मारली गेली, तर ०.५. हाताचा गादीला नुसता स्पर्श झाला, तर ०.३, पण त्याच हातावर अंगाचा भार टाकला, किंवा गुडघा वा कंबर टेकली, तर तें पडणें समजून पूर्ण गुण वजा होतो.

आतां आरंभींचें कोडें सोडवूं. दोन मुलींची कसरत सारखीच अवघड असून काठिण्याचे गुण प्रत्येकीस ४ आहेत असें धरा. पहिली मुलगी एकदां पडली आणि तिच्या सहा लहान चुका झाल्या. वजाबाकी १ अधिक ०.६, म्हणजे १.६, सफाईचे गुण ८.४. दुसरी पडली नाहीं; परंतु चार वेळां चांगलीच डळमळली, त्याचे १.२ गेले, आठ लहान चुकांचे ०.८ गेले, एकदां तुळई धरली, त्याचे ०.५. एकूण २.५ वजा जाऊन सफाईचे गुण राहिले ७.५. पहिलीची बेरीज १२.४, दुसरीची ११.५. प्रेक्षकाला पडणें दिसतें, कारण तें एका क्षणांत घडतें. बारा-तेरा बारीक चुका त्याच्या डोळ्यांपुढून निसटून जातात. पंचांची लेखणी मात्र त्या सोडीत नाहीं.

पण पडण्याची किंमत नेहमींच एका गुणावर थांबते असें नाहीं. पाय तुळईला लागून मग मुलगी पडली, तर त्या कसरतीचें काठिण्यमूल्य तिला मिळतें. पाय न लागतांच ती खालीं आली, तर तें मूल्यहि जातें. धांवत येऊन टेबलावर हात टेकून मारावयाच्या उडींत, ज्याला व्हॉल्ट म्हणतात, पाय आधीं टेकलेच नाहींत, तर त्या उडीला शून्यच मिळतें. प्रशिक्षकानें हात देऊन सांवरलें, तरी एक गुण जातो.

पडल्यानंतर काय? तुळईवरून पडलेल्या मुलीला पुन्हां वर चढण्यास दहा सेकंद मिळतात, दांड्यांवरून पडल्यास तीस सेकंद. त्यांहून उशीर झाला, तर आणखी ०.३ वजा होतात. साठ सेकंदांत ती चढली नाहीं, तर कसरत संपली असें समजतात. त्या दहा सेकंदांत श्वास आवरून, पुढचा भाग आठवून उभें राहावयाचें असतें. राहिलेल्या कसरतीचें काठिण्य अजून मिळवावयाचें असतें, हें ज्या मुलीला ठाऊक आहे ती रडत बसत नाहीं.

पूर्वीं पडण्याबद्दल अर्धाच गुण जात असे. २००९ पासून पूर्ण गुण जातो. यांत निष्ठुरता दिसली, तरी त्यामागें शहाणपण आहे. काठिण्याच्या गुणांना वरची मर्यादा राहिली नाहीं, तेव्हां न येणारी कसरत करून पाहण्याचा मोह वाढणें साहजिक होतें. पडणें महाग केलें, कीं तो मोह आवरतो आणि मुलांचीं हाडें वांचतात. उलट, अगदीं शिकाऊ मुलांच्या बाबतींत सौम्यपणा दाखविणारे नियमहि आहेत. अमेरिकेंतील मुलींच्या विकास-कार्यक्रमांत पडण्याबद्दल आजहि अर्धाच गुण वजा करतात. म्हणून एखाद्या स्पर्धेस मूल पाठवितांना तेथें कोणती नियमावली आहे, हें आधीं विचारून घ्यावें.

दशांशाचें महत्त्व किती, हें आपल्या देशानें ऑगस्ट २०१६ मध्यें पाहिलें. त्रिपुरांतील आगरतळ्याच्या दीपा कर्माकरनें रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत प्रोडुनोव्हा ही अत्यंत धोक्याची उडी मारली. तिचे पाय आधीं टेकले, परंतु अंग जवळजवळ गादीपर्यंत खालीं गेलें. त्या उडीला काठिण्याचे ७ आणि सफाईचे ८.२६६ मिळून १५.२६६ गुण मिळाले. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ झाली. कांस्यपदक मिळविणाऱ्या स्वित्झर्लंडच्या खेळाडूची सरासरी १५.२१६. अंतर ०.१५०, दोन्ही उड्या मिळून ०.३, म्हणजे एका मध्यम चुकीएवढें! २०१७ पासूनच्या नियमावलींत या उडीचें काठिण्यमूल्य ७ वरून ६.४ वर आणण्यांत आलें.

आतां कोणी विचारील, डळमळणें लहान कीं मध्यम, हें एका पंचाच्या डोळ्यांवर कां सोपवावें? तें तसें सोपवीत नाहींतच. मोठ्या स्पर्धांत सफाईचे पंच अनेक असतात. प्रत्येक जण स्वतंत्रपणें गुण लिहितो. त्यांतील सर्वांत अधिक आणि सर्वांत कमी आंकडे वगळून उरलेल्यांची सरासरी घेतात. एखाद्याची नजर फार कठोर वा फार उदार असली, तरी तिचा परिणाम उरत नाहीं.

माझ्या भाचीची मुलगी हा खेळ खेळते. एका स्पर्धेंत ती तुळईवरून पडली आणि घरीं दोन दिवस सुतक असल्यासारखी शांतता होती. "या वर्षीं पुरे झालें," असें तिच्या आईचें मत पडूं लागलें. मुलगी एका कोपऱ्यांत बसून कोणाशीं बोलेना. मी तिला कागद-पेन्सिल देऊन म्हटलें, "बाळ, तुला आठवतें तेवढें मांड." तिनें मांडलें : पडण्याचा १, दोनदां झुकल्याचे ०.६, आणि पाय ताणलेले नसल्याचे, पाऊल सरकल्याचे मिळून ०.९. मग तिचीच ती म्हणाली, "आजोबा, पडल्यामुळें एक गेला, पण बाकीच्यामुळें दीड गेला." दुसऱ्या दिवशीं ती सरावाला गेली, ती पाय ताणण्याचा अभ्यास करण्यासाठींच.

घरोघरच्या आईबापांस माझें एवढेंच सांगणें आहे. मूल स्पर्धेहून आलें, कीं "पडलीस कशी?" हा प्रश्न प्रथम विचारूं नये. कोठें लागलें आहे काय, हें पाहावें. त्याला पोटभर जेवूं द्यावें. मग त्याच्याजवळ बसून वजाबाकी कोठें कोठें झाली, तें त्याच्याच तोंडून ऐकावें. पडण्याची वजाबाकी नियमानें ठरलेली आहे. आपल्या रागानें ती कमी होत नाहीं, आणि आपल्या लाडानेंहि नाहीं. राहिलेल्या दशांशांचा हिशेब मात्र पुढच्या सरावांत सुधारतां येतो, आणि तो सुधारण्याची उमेद मुलाच्या मनांत टिकविणें हें घराचें काम आहे.