कानांची रोजकीर्द

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आमच्या घरात एक लहानसा वाद झाला. अभ्यंगस्नान आटोपून नात तंबोरा पुढ्यात घेऊन बसली होती. फराळाला अजून अवकाश होता. दरवर्षीचा रिवाज असा की, तंबोरा मी लावून द्यायचा आणि तिने सकाळचा एखादा राग गायचा. मी खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, पंचम आणि षड्ज जुळवले आणि म्हटले, “जवारी बसलीय गं. दोरा जरा सरकव.”

तिने दोरा सरकवला.

“अजून मिटलेलाच आहे आवाज. आणखी थोडा.”

असे तीन-चार वेळा झाले. शेवटी तिने तारांवरचा हात काढला आणि माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहिले. “आजोबा, जवारी केव्हाची खुललीय. सगळी खोली भरून गेलीय की!”

ओट्यापाशी उभी असलेली आमची सौभाग्यवती आतूनच म्हणाली, “अहो, खरं बोलतेय ती. मला इथं ऐकू येतंय.”

वाचकहो, त्या क्षणापर्यंत मला कोणी विचारले असते की तुमची मिळकत काय, तर मी बेलाशक माझे कान दाखवले असते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाजवळ दुसरे असणार काय? गाता मला कधी आले नाही. पण ऐकता येते, असा माझा मोठा तोरा होता. आणि ती मिळकत परस्पर कमी होत चालली होती, मालकाला पत्ता नसताना!

दिवाळीनंतर ओझरहून नाशिकला गेलो आणि कानाच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवून बारीकमोठे आवाज ऐकवले आणि एक आलेख हाती दिला. डाव्या बाजूला रेघ बरीचशी सपाट, आणि मग एकदम रामशेज किल्ल्याच्या कड्यासारखी खाली कोसळलेली. “वयाचं आहे,” डॉक्टर म्हणाले. “खालचे आवाज शाबूत आहेत. वरचे चाललेत.”

गणिताच्या मास्तराला आलेखाची भाषा समजते. निरोगी तरुण कानाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढते तशी ही शिडी वरच्या टोकाकडून मोडू लागते. गवयाचा मूळ स्वर पुष्कळच खाली असतो, शंभरपासून हजार कंपनांच्या आतबाहेर. तो जात नाही. पण स, श, फ, थ ही व्यंजने जिच्यामुळे ओळखू येतात ती फुंकर आणि तंबोऱ्याच्या तारेवर तरंगणारी झळाळी, हा सगळा वरच्या मजल्यावरचा कारभार. म्हणजे स्वर राहतो आणि स्वरावरची जरी उसवते.

तंबोऱ्याच्या बाबतीत तर हा तोटा फारच जिव्हारी लागणारा. इतर पुष्कळ वाद्यांची तार धारेवर टेकते. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित फुगीर पाठीवरून घासत जाते आणि तिच्याखाली सुताचा एक दोरा असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली ह्या वाद्यांवर एक निबंध लिहिला होता. तार जिथे छेडली त्या जागेच्या हिशेबाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही ह्या घोडीमुळे उमटतात, असे त्यांनी दाखवून दिले. जे गणिताने नाही म्हटले तेच तंबोरा होय म्हणतो! आमचा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि नेमक्या त्याच वर्षी माझ्या कानांनी ती झळाळी गमवावी, याला काय म्हणावे?

बलिप्रतिपदेला, म्हणजे २ नोव्हेंबर २०२४ रोजी, व्यापारी नवी वही उघडतात. मीही शंभर पानी वही आणून ठेवली होती. खरे म्हणजे ती दुधाच्या हिशेबाची होती. डॉक्टरांकडून आल्यावर तिच्यावर ‘रोजकीर्द’ असे लिहिले आणि पाडव्यापासूनची तारीख घालून ठरवले की, रोज निदान अर्धा तास लक्ष देऊन गाणे ऐकायचे आणि काय ऐकू आले, काय आले नाही, याची नोंद करायची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मिळकत जाणारच असेल तर निदान हिशेब तरी चोख राहू दे!

पहिल्या महिन्यात खर्चाची बाजू भराभर वाढली. रातकिडे गेले. कुकरची शिट्टी लांबली. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला आमच्या ओझरला खंडोबाची यात्रा भरते, बारा गाड्या ओढल्या जातात, भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात. लहानपणापासून मी त्या गर्दीत उभा राहत आलो आहे. यंदा वाघ्याची दिमडी लख्ख ऐकू आली, संबळ तर छातीत वाजला. पण मुरळीच्या हातातली घंटा मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखी. तिचा हात हलताना दिसत होता, म्हणून ती वाजते आहे असे समजायचे.

पुढे श्रवणयंत्र आले. त्याची कथा वेगळीच आहे. यंत्र कानात घातले आणि वर्तमानपत्राच्या पानाची सळसळ ऐकून मी दचकलोच. सौ.चे बोलणे तर इतके स्वच्छ ऐकू येऊ लागले की, काही जुन्या सवलती तात्काळ बंद झाल्या. मोठ्या हौसेने नातीला म्हटले, “चल, तंबोरा काढ.” तिने तार छेडली आणि दोन-चार क्षणांत तंबोरा विरून गेला! ती छेडते आहे, मला दिसते आहे, आणि यंत्र हळूहळू त्याचा आवाज गिळते आहे.

उलगडा असा की, ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकू यावे म्हणून केलेली असतात. बोलणे सारखे बदलते. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर किंवा यंत्राचीच शीळ, असे समजून ते त्याला दाबून टाकते. आणि न बदलता चालू राहणे हाच तर तंबोऱ्याचा धर्म! शेकडो वर्षे ज्याच्या आधाराने आपले गाणे उभे आहे, त्याला त्या बोटभर यंत्राने गोंगाट ठरवले. गाण्यासाठी यंत्राची वेगळी घडी बसवता येते, हे मला दोन महिन्यांनी कळले. ती बसवून घेतल्यावर तंबोरा परत आला. पूर्वीसारखा नाही, पण आला. जमेच्या बाजूला मी एकच शब्द लिहिला : ‘षड्ज’.

फाल्गुनात माळा आवरताना वडिलांचा चावीचा फोनो खाली आला. सोबत दहा-बारा तबकड्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या लाखेच्या तबकड्या मी कित्येक वर्षांत लावल्या नव्हत्या. लांबलचक मैफली सहज मिळत असताना ती खरखर कोण ऐकणार? गंमत म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली. यंत्र कानात नव्हते.

आणि मी थक्क झालो. काहीही हरवले नव्हते! तो पातळ, आर्त, टोकदार सूर जसाच्या तसा होता. उलट एक लाभच झालेला, सुईची खरखर जवळजवळ नाहीशी झाली होती. शेजारी बसलेल्या नातीने तोंड वाकडे केले, “किती घासतंय हे!” मी म्हटले, “कुठे काय?”

रात्री विचार करता करता कोडे सुटले. १९२५ पूर्वी गवई एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात, आणि त्या कर्ण्यात फार तर अडीच-तीन हजार कंपनांपर्यंतचाच आवाज पकडला जाई. पुढे विजेचे ध्वनिग्रहण आले, खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या त्या तऱ्हेच्या. पण चावीच्या फोनोतून त्यांतलेही वरचे आवाज फारसे बाहेर पडत नाहीत. म्हणजे माझा आलेख जिथे कोसळतो, त्याच सुमारास फोनोचा आवाजही संपतो. तबकडीवर जे कधी आलेच नाही, ते माझ्या कानाने गमावण्याचा प्रश्नच नव्हता. त्या तबकडीपुढे मी आणि माझी नात अगदी बरोबरीचे. तिची तेवढी खरखर जास्त!

त्या रात्री जमेची बाजू भरायला पान पुरले नाही. चैत्र-वैशाख मी तबकड्यांतच काढले. त्यातही दत्तात्रेय विष्णु पलुस्करांवर मुक्काम झाला. नाशिककरांना त्यांचा अभिमान वाटला तर नवल नाही. त्यांचा जन्म नाशिकचाच, २८ मे १९२१ चा. वडील विष्णु दिगंबर यांचे डोळे लहानपणी फटाक्याच्या दारूने अधू झाले आणि त्यामुळेच ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. एक इंद्रिय अधू झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या आधाराने सगळा देश गाता केला. मुलगा दहा वर्षांचा असताना, १९३१ साली, ते गेले. मुलाने विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे विद्या पुरी केली. ‘बैजू बावरा’ चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबर देसी रागातली जुगलबंदी गायली. आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले.

त्यांचा गौडसारंग लावला की मला अक्षर न् अक्षर ऐकू येई. स आणि श सुद्धा! मी खूष होतो. पण २८ मे रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, वहीत लिहिता लिहिता माझी लेखणी थांबली. घरातल्या माणसांच्या बोलण्यातला स मला ऐकू येत नाही, मग पलुस्करांच्या बंदिशीतला कसा येतो? ही बंदिश मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे. तिचे शब्द मला पाठ आहेत. म्हणजे जिथे कान थांबतो, तिथे आठवण गुपचूप पुढे होऊन रिकामी जागा भरते.

मग मी ऐकतो आहे की नुसता आठवतो आहे?

ह्या एका प्रश्नाने माझा सगळा हिशेब उलटापालटा केला. जमेच्या बाजूला लिहिलेले अर्धेअधिक आकडे जुन्या ठेवीवरचे व्याज होते. ऐकू न येण्याचे दुःख मी एव्हाना पचवले होते; पण आता नवे काही ऐकताच येणार नाही, उरलेले आयुष्य माळ्यावरच्या सामानावर काढायचे, ही कल्पना मात्र मला सोसेना. तीन दिवस वही उघडली नाही.

नातीच्या लक्षात आले. तिने खोदून विचारले, मी सांगून टाकले. ती म्हणाली, “मग परीक्षा घेऊ या. तुम्ही आयुष्यभर घेतल्यात की!”

श्रावणातली दुपार होती. बाहेर बाणगंगेवर पाऊस पडत होता. तिने आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी लावली. चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी ही वाहिनी २०१६ पासून चालू आहे. कोणीतरी तरुण गायिका गात होती. नाव निवेदकाने सांगितले असेल, मला काही समजले नाही. “राग?” नातीने विचारले.

“मियाँमल्हार.”

“बंदिशीचे शब्द?”

मी कान टवकारले, डोळे मिटले. एक शब्द लागेना. “नाही गं सांगता येत.”

“बरं. मग काय ऐकू येतंय ते सांगा.”

मियाँमल्हारात दोन निषाद एकमेकांना खेटून येतात, एक कोमल, एक शुद्ध. ती मुलगी कोमल निषादावर आंदोलन घेत इतका वेळ रेंगाळली की, आता ही वर जाणारच नाही असे वाटावे. आणि मग श्वासाच्या अगदी शेवटी शुद्ध निषादाला नुसता स्पर्श करून षड्जावर आली. इतका उशीर करून आलेला षड्ज मी कधी ऐकला नव्हता. अंगावर काटा उभा राहिला. हे माझ्या कुठल्याही तबकडीत नव्हते. पाठ नव्हते, आठवत नव्हते. मी ऐकत होतो!

परीक्षेचा निकाल मीच लावला : शब्दांत नापास, स्वरांत उत्तीर्ण. मास्तर म्हणून सांगतो, अशा विद्यार्थ्याला वर ढकलायला हरकत नाही.

आम्ही ओझरकर एरवी आवाजांना सरावलेले. १९६४ पासून इथे विमानांचा कारखाना आहे. गाव पत्त्यावरसुद्धा ‘ओझर मिग’ म्हणून ओळखले जाते. ज्या मिग-२१ मुळे हे नाव पडले, त्याला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला वायुसेनेने निरोप दिला. त्या बातमीने मला उगीचच धीर आला. आकाश दणाणून सोडणाऱ्यालाही एक दिवस गप्प व्हावे लागते; रातकिड्यांचे काय घेऊन बसलात!

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, वाद्यांची पूजा झाली. नातीने तंबोऱ्याला नव्या तारा चढवल्या होत्या. मी खुंट्या पिळून स्वर जुळवले. ते अजून मलाच जमते, तिच्यापेक्षा काकणभर सरस. मग दोऱ्याची वेळ आली. मी हात मागे घेतला.

“आता तू सांग,” मी म्हटले.

ती मान तिरपी करून दोरा केसभर, केसभर सरकवू लागली. मी भोपळ्यावर तळहात ठेवून बसलो होतो. तिचा चेहरा उजळला तेव्हा मला कळले, जवारी खुलली. तळहातालाही काहीतरी निराळे जाणवले, असे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “असेल.”

पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत ३३५ दिवस झाले. १९ दिवस कोरे राहिले, ३१६ नोंदी झाल्या. बेरीज मी करणार नाही. ह्या दिवाळीला नवी वही आणली आहे. नातीने तिच्या पहिल्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले आहेत. डावीकडे लिहिले आहे ‘आजोबा : स्वर’, आणि उजवीकडे ‘मी : जवारी’.

खर्चाचा रकाना घालायला ती विसरली. मीही आठवण केली नाही.