'द्रोम': रोमा साहित्याची शंभर वर्षं

नाक, कान, पाणी. रोमानी भाषेतले हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. रस्त्याला मात्र रोमानीत 'द्रोम' म्हणतात, आणि तो शब्द ग्रीक. सात, आठ, नऊ हे आकडेही ग्रीकच. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेले रोमा लोक कुठून कुठे गेले, त्याची वही त्यांच्या भाषेनंच ठेवली.

ही तोंडी भाषा छापील पानावर स्थिरावू लागली १९२० च्या दशकात, सोव्हिएत संघात. 'रोमानी झोर्या', 'नेवो द्रोम' ही नियतकालिकं निघाली. १९३१ मध्ये मॉस्कोत 'रोमेन' हे नाट्यगृह सुरू झालं. १९३८ मध्ये रोमा शाळा आणि रोमानी छपाई सरकारनंच बंद केली. नाट्यगृह तेवढं टिकलं.

पोलंडची रोमा कवयित्री पापुशा, म्हणजे ब्रोनिस्वावा वाइस, कोंबड्या देऊन अक्षरं शिकली. महायुद्धात तिचा तांडा नाझींपासून जीव वाचवत व्होल्हिनियाच्या जंगलात लपला. ते दिवस तिनं कवितेत बांधले. १९४९ मध्ये कवी येझी फित्सोव्स्की यांना ती भेटली आणि त्यांनी तिच्या कविता पोलिशमध्ये आणल्या. पण सरकारला तांडे थांबवायचे होते, आणि या कविता त्या मोहिमेच्या कामी आल्या. आपली गुपितं परक्यांना दिली म्हणून रोमा समाजानं पापुशाला वाळीत टाकलं. ती मनोरुग्णालयात गेली, आणि पुढे १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ मूकच राहिली. भटकंतीची गाणी लोकांना हवी होती. ती गाणारी बाई एकटी पडली.

ऑस्ट्रियाच्या रोमा लेखिका चाया स्टॉइकानं लहानपणी आउश्वित्झसह तीन छळछावण्या सोसल्या. १९८८ मध्ये तिनं ते सारं पुस्तकात मांडलं, तेही जर्मनमध्ये. ज्या भाषेत छावणीतले हुकूम सुटायचे, त्याच भाषेत साक्ष. पापुशाच्या काळात बोलणं हा द्रोह ठरला होता. स्टॉइकाला गप्प राहणंच धोक्याचं वाटलं.

१९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, तिथे स्वीकारलेल्या झेंड्यावर चक्र आहे. त्यात आपल्याला अशोकचक्र दिसतं आणि ऊर भरून येतो. तो आनंद खराच आहे. पण रोमांना 'आपलेच' म्हणताना आपण फक्त नाक-कान जुळवून थांबलो, तर व्होल्हिनियाचं जंगल आणि आउश्वित्झ सुटून जाईल. पाणी आपण दिलं. 'द्रोम' त्यांनी चालून कमावला. त्यांचं साहित्य वाचायचं तर तो शब्दही शिकायला हवा.