रक्त आटलेल्या पायाला दाबाचा उपचार

मध्यरात्री अंथरुणावर उठून बसणारा आणि दुखरा पाय खाटेखाली लोंबता सोडणारा माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. घरची मंडळी त्याला वात म्हणतात, तेल चोळतात, पाय उशीवर ठेवून नीज म्हणून बजावतात. पण पाय वर घेतला की कळ वाढते, खाली सोडला की किंचित उतरते. ही खूण वाताची नव्हे. पायाच्या रोहिण्या बुजत आल्याची आहे. आधी चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की मोकळी होते. पुढे निजल्या जागी कळ सुरू होते. मग अंगठ्याची साधी जखमही भरत नाही, बोट काळे पडू लागते. अशा वेळी पाय राखायचा की कापायचा, एवढाच प्रश्न उरतो.

मधुमेह आणि तंबाखू ही याची दोन मोठी कारणे. तरुणांच्या रोहिण्या बुजविणाऱ्या एका विकाराचे वर्णन न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्गर यांनी १९०८ साली केले. तो जवळजवळ तंबाखूवाल्यांनाच होतो, आणि आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत आजही दिसतो.

बुजलेल्या रोहिणीला शिरेचा तुकडा जोडून वळसा देणे किंवा फुग्याने ती रुंद करणे, हे मुख्य उपाय होत. पण ज्याला जोडायचे ती घोट्याजवळची रोहिणीच शिल्लक नसेल, किंवा रोग्याचे हृदय शस्त्रक्रिया सोसण्याजोगे नसेल, तर शल्यविशारदाने काय करावे? अशांसाठी दाबाचे यंत्र आहे. पावलाला आणि पोटरीला हवेच्या पिशव्यांचे पट्टे बांधतात. पंप झटकन हवा भरतो, पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर दाबाने तीन-चार सेकंद पाय आवळतो आणि सोडून देतो. हे मिनिटाला तीन वेळा, रोज काही तास, कित्येक महिने चालते.

उपाशी माणसाचे पोट आवळावे तसेच हे नाही का, अशी शंका येईल. आम्हांलाही प्रथम आली होती. उत्तर रोग्याच्या बसण्यात आहे. हा उपचार पाय खाली सोडून, खुर्चीवर बसून घ्यायचा असतो. तेव्हा हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचा भार रोहिणीत असतो, तसाच नीलेतही असतो. दोन्हीकडे सारखा, म्हणून एरवी त्याचा फायदा नाही. पट्टा आवळला की नीलांतले रक्त वर ढकलले जाते आणि त्यांच्या झडपा ते परत येऊ देत नाहीत. पट्टा सुटल्यावर काही क्षण नीला रिकाम्या, आणि रोहिणीत मात्र स्तंभाचा भार कायम! पाटाच्या शेवटचा बांध फोडला की वरचे थोडे पाणीही पुढे धावते, तसे रक्त केशवाहिन्यांतून धावते. शिवाय त्या धावेने वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते व वाहिन्या सैल होतात.

कल्पना नवी नाही. लॅन्डिस आणि गिबन यांनी १९३३ सालीच पायाला आळीपाळीने शोषण व दाब देऊन रक्त वाढते का ते तपासले होते. हेच गिबन १९५३ साली हृदय-फुफ्फुस यंत्रामुळे जगभर गाजले. पायाची पेटी मात्र अडगळीत पडली. अलीकडचा एक हिशेब अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, २००८ सालचा. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया शक्य नव्हती अशा २४ जणांना यंत्र दिले, २४ जणांना नेहमीची शुश्रूषा. दीड वर्षात पहिल्या गटात १४ जणांचे व्रण भरून पाय राहिले, १० जणांचे गुडघ्याखाली कापावे लागले. दुसऱ्यात भरले चौघांचे, कापले २० जणांचे. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते आणि माणसे थोडी होती. म्हणून आम्ही याला आधार म्हणतो, निर्णय म्हणत नाही. जेथे रोहिणी दुरुस्त करता येते तेथे ती दुरुस्तच करावी. नीलेत नुकतीच गुठळी झालेल्याला किंवा हृदय फार दुबळे असलेल्याला हे यंत्र लावीत नाहीत. आणि चार तास पट्टा बांधून घेऊन जिन्यात विडी पेटविणाऱ्याला कोणते यंत्र पुरे पडणार?

आता भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. दाबाने पाय सुधारतो एवढेच ऐकून कोणी दुकानातला घट्ट लवचिक मोजा आणील. तो मोजा फुगलेल्या नीलांसाठी असतो आणि रात्रंदिवस आवळत राहतो. यंत्र आवळून सोडते. रोहिणी बुजलेल्या पायावर असा मोजा चढविला तर कातडी मरते. म्हणून मोजा घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून घ्यावा. दोन्ही जवळपास सारखे असावेत. घोट्याचा दाब दंडाच्या निम्म्याहून कमी भरला तर घट्ट मोजा वर्ज्य. या मोजणीला काही मिनिटेच लागतात आणि दुखत काहीच नाही.