राज्यसंस्थेची उत्पत्ती आणि घटक : सिद्धांत व शिवकालीन राज्यनिर्मितीचा दाखला

प्रास्ताविक

राज्यशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात राज्यसंस्थेचे प्रकरण बहुधा आरंभीच येते. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था व सार्वभौमत्व हे चार घटक आणि दैवी, शक्ती, सामाजिक करार व उत्क्रांती हे उत्पत्तीचे चार सिद्धांत, अशी त्याची रूढ मांडणी असते. ही मांडणी अध्यापनास सोयीची असली तरी तिच्यातून दोन महत्त्वाचे प्रश्न अनुत्तरित राहतात. उत्पत्तीचे सिद्धांत हे घडलेल्या इतिहासाचे निवेदन आहे की आज्ञापालनाच्या समर्थनासाठी केलेला युक्तिवाद? आणि चारही घटक एकाच प्रकारचे व एकाच दर्जाचे आहेत काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार प्रथम सिद्धांतांच्या आधारे व नंतर सतराव्या शतकातील मराठी राज्याच्या निर्मितीच्या आधारे केला आहे. हे राज्य अल्प कालावधीत आणि कागदपत्रांच्या प्रकाशात आकारास आलेले असल्यामुळे सिद्धांतांची पारख करण्यास ते विशेष उपयुक्त ठरते.

संज्ञेचा प्रश्न

मराठीत ‘राज्य’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. राजाची सत्ता, त्या सत्तेखालील मुलूख, भारतीय संघराज्यातील घटकराज्य आणि सार्वभौम राजकीय संघटना असे त्याचे चार अर्थ व्यवहारात एकमेकांत मिसळतात. 1 मे 1960 रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य हे राज्यघटनेच्या परिभाषेत ‘राज्य’ आहे; परंतु त्यास सार्वभौमत्व नसल्याने राज्यशास्त्रीय अर्थाने ते राज्यसंस्था ठरत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 12 मध्ये मूलभूत हक्कांच्या संदर्भात ‘राज्य’ या संज्ञेची व्याप्ती याहून निराळी आहे. तीत केंद्र व घटकराज्यांची शासने आणि विधिमंडळे, तसेच स्थानिक प्राधिकरणेही येतात. हा गोंधळ टाळण्यासाठी मराठीत ‘राज्यसंस्था’ ही संज्ञा रूढ झाली. शासन बदलते, राज्यकर्ते जातात. राज्यसंस्था मात्र टिकून राहते, हा भेद या संज्ञेत अभिप्रेत आहे.

उत्पत्तीचे सिद्धांत : इतिहास की समर्थन?

सामाजिक कराराचा सिद्धांत हॉब्ज (1651), लॉक (1689) व रूसो (1762) यांच्या ग्रंथांतून मांडला गेला. असा करार कोणत्या दिवशी व कोणामध्ये झाला, असे विचारल्यास त्यास ऐतिहासिक उत्तर नाही. डेव्हिड ह्यूम याने 1748 मधील आपल्या निबंधात नेमका हाच आक्षेप घेतला. ज्ञात इतिहासातील बहुतेक सत्ता आक्रमणातून वा बळकावणीतून उभ्या राहिल्या असून त्यांस प्रजेची संमती विचारली गेली नव्हती, असे त्याचे प्रतिपादन होते. हा आक्षेप रास्त आहे. तथापि, करारवाद्यांचा मुख्य प्रश्न राज्य कधी जन्मले हा नसून त्याची आज्ञा का व कोठवर पाळावी हा होता, हे लक्षात घेतल्यास त्या सिद्धांताचे मोल कमी होत नाही.

भारतीय परंपरेतही हेच दिसते. महाभारताच्या शांतिपर्वात अराजकाने त्रासलेली प्रजा मनूकडे जाते. प्रारंभी मनू राजपद नाकारतो, कारण असत्याचरणी माणसांवर राज्य करणे कठीण असून त्यांच्या पापाचे त्याला भय वाटते. प्रजा पशू, सुवर्ण व धान्य यांतील ठराविक हिस्सा देण्याचे मान्य करते, तेव्हा तो राजी होतो. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात लोक आपल्यातीलच एका योग्य पुरुषाची निवड करतात, त्यास तांदळाचा वाटा देतात आणि तो ‘महासम्मत’ म्हणजे सर्वांनी मान्य केलेला ठरतो. पहिल्या कथेत देवाचा आधार आहे, दुसरीत नाही. परंतु संरक्षणाच्या बदल्यात कर हे सूत्र दोहोंत समान आहे.

या संदर्भात कौटिल्याचे अर्थशास्त्र विशेष बोलके आहे. मत्स्यन्यायाने पीडित प्रजेने मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा व विक्रेय मालाचा दहावा भाग त्यास नेमून दिला, ही कथा त्यात येते. मात्र ग्रंथकार ती स्वतःचे मत म्हणून सांगत नाही. राजाविषयी जनमत अनुकूल राहावे म्हणून जनसमुदायात वाद घालणाऱ्या गुप्तचरांच्या तोंडी ती घातलेली आहे. उत्पत्तीची कथा हे राज्याचे एक साधन आहे, याची एवढी स्पष्ट जाण अन्यत्र क्वचितच आढळते.

प्रत्यक्ष इतिहासाचा शोध एकोणिसाव्या शतकापासून निराळ्या मार्गाने होऊ लागला. मॉर्गनच्या मानवशास्त्रीय अभ्यासाच्या (1877) आधारे एंगल्सने 1884 मध्ये राज्यसंस्थेचा उगम खाजगी मालमत्ता व वर्गभेद यांत दाखविला. रॉबर्ट कार्नेरो याने 1970 मध्ये असे मांडले की, शेतीयोग्य भूमी डोंगर, समुद्र वा वाळवंट यांनी वेढलेली असते तेथे पराभूतांना पळून जाण्यास वाव राहत नाही; ते जेत्यांच्या अधीन होतात आणि त्यातून राज्य घडते. पेरूच्या किनाऱ्यावरील खोरी हे त्याचे प्रमुख उदाहरण होते. रोमिला थापर यांनी 1984 मधील ग्रंथात गंगेच्या खोऱ्यात कुलाधिष्ठित समाजाकडून राज्यसंस्थेकडे झालेले संक्रमण तपासले. शेतीतील वाढावा, तो नियमितपणे गोळा करणारी यंत्रणा आणि कुळाच्या नात्यापेक्षा भूप्रदेशावर आधारलेली निष्ठा यांचा या संक्रमणाशी निकटचा संबंध आहे. वैदिक काळात अर्पण म्हणून दिला जाणारा ‘बली’ पुढे सक्तीचा कर झाला, ही बाब या प्रक्रियेची निदर्शक आहे. सारांश, राज्याची निर्मिती सक्ती, वाढावा व संघटन यांतून होते. त्याचे समर्थन मात्र संमतीच्या भाषेत केले जाते. या दोन्ही बाजू एकत्र आल्यावाचून राज्य स्थिर होत नाही.

घटकांचा विचार

राज्यसंस्थेच्या आधुनिक विधिमान्य लक्षणांचा उल्लेख बहुधा 1933 च्या मॉन्टेव्हिडिओ करारावरून केला जातो. स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन व इतर राज्यांशी संबंध प्रस्थापित करण्याची क्षमता ही ती चार लक्षणे होत. राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही, असेही हा करार सांगतो. कौटिल्याची सप्तांगे स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र ही आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यास जनपदात लोकसंख्या व भूप्रदेश सामावतात, स्वामी व अमात्य यांतून शासन व्यक्त होते आणि मित्र हे अंग परराज्य संबंधांकडे निर्देश करते. दुर्ग, कोश व दंड यांस मात्र आधुनिक यादीत स्वतंत्र स्थान नाही. आधुनिक यादी राज्य कशास म्हणावे हे सांगते, तर कौटिल्याची यादी राज्य कशावर चालते हे सांगते.

या दोहोंना जोडणारा दुवा सार्वभौमत्वाच्या विवेचनात सापडतो. बोदँ याने 1576 मध्ये सार्वभौमत्वाची पद्धतशीर मांडणी केली. मॅक्स वेबर याने 1919 मधील व्याख्यानात राज्याचे लक्षण ठराविक भूप्रदेशात वैध बळाच्या वापरावरील मक्तेदारी असे केले. या व्याख्येत ‘मक्तेदारी’ इतकाच ‘वैध’ हा शब्दही महत्त्वाचा आहे. लोकसंख्या व भूप्रदेश ही राज्याची द्रव्ये आहेत आणि शासन हे उपकरण आहे. सार्वभौमत्व मात्र वस्तू नसून एक संबंध आहे. आज्ञा देण्याचा दावा आणि तो दावा मान्य होणे या दोहोंमधून तो सिद्ध होतो. म्हणून चार घटक एका ओळीत मोजणे तर्कदृष्ट्या अपुरे ठरते.

शिवकालीन राज्यनिर्मितीचा दाखला

सतराव्या शतकाच्या मध्यास सह्याद्रीच्या परिसरात लोकसंख्या होती, मुलूख होता आणि आदिलशाही शासनही होते. परंतु बळाचा वापर अनेकांच्या हाती विभागलेला होता. देशमुखांसारखे वतनदार स्वतःची गढी व शिबंदी बाळगून वसूल घेत. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, ती या विभागलेल्या सत्तेविरुद्धची एक निर्णायक पायरी होती. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मिरासदारांचे वाडे व हुडे पाडून त्यांस सामान्य घरे बांधून राहण्यास लावल्याचा वृत्तांत आहे. वेबरच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही बळाची मक्तेदारी निर्माण करण्याची क्रिया होय. किल्ल्यांवरील नेमणुका आणि वसुलाची व्यवस्था यांतून दुर्ग, कोश व दंड ही तीन अंगे सिद्ध झाली.

तरीही 1665 च्या पुरंदरच्या तहाने या राज्याची उणीव उघड केली. तेवीस किल्ले मोगलांस देऊन बारा किल्ले महाराजांकडे राहिले, तेही बादशाही चाकरीच्या अटीवर. प्रत्यक्ष सत्ता होती. परंतु विधिदृष्ट्या ती दुसऱ्याने दिलेली मानली जात होती. 6 जून 1674 रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. त्या दिवशी मुलुखात एका गावाची भर पडली नाही की सैन्यात एका पथकाची वाढ झाली नाही. परंतु नवा शक, स्वतःच्या नावाची नाणी आणि अष्टप्रधानांची संस्कृत पदनामे यांतून ही सत्ता कोणाचीही देणगी नसल्याचे जाहीर झाले. महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश हाही त्याच प्रयत्नाचा भाग होता. त्याच महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्याशी करार झाला; परसत्तांशी संबंध राखण्याची क्षमता त्यातून दिसते.

राज्यसंस्था राज्यकर्त्याहून वेगळी असते याची खरी कसोटी 1689 मध्ये लागली. मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीस गेले. राजधानी गेली, मुलूख तुटक झाला, राजा शेकडो कोस दूर राहिला. 1700 मध्ये राजारामांच्या निधनानंतर ताराबाईंनी कारभार हाती घेतला. औरंगजेबाच्या 1707 मधील मृत्यूपर्यंत हा संघर्ष चालला. परंतु या राज्याच्या नावाने दिलेल्या आज्ञा मानणारे लोक या काळात नाहीसे झाले नाहीत. भूप्रदेश व शासन या दोन घटकांचा ऱ्हास होऊनही राज्य टिकले ते मान्यतेच्या आधारावर.

या दाखल्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. संघर्षकाळात सरदारांना वतने देणे भाग पडले आणि बळाची मक्तेदारी पुन्हा सैल झाली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांचे वर्णन राज्याचे वाटेकरी अशा अर्थाने येते. त्यांस आवरावे, परंतु समूळ नष्ट करू नये, असा त्यातील उपदेश आहे. 1719 मध्ये शाहू महाराजांनी स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मोगल बादशहाकडून मिळविल्या. ज्या सार्वभौमत्वाची घोषणा 1674 मध्ये झाली होती, त्याच्या समर्थनासाठी पुन्हा दिल्लीची मोहर घ्यावी लागली. सार्वभौमत्व एकदा प्राप्त झाले की कायम राहते, हा समज यावरून टिकत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, उत्पत्तीचे सिद्धांत परस्परांचे पर्याय म्हणून शिकविण्याऐवजी त्यांतील ऐतिहासिक स्पष्टीकरणे व नैतिक समर्थने वेगळी करून शिकविणे अधिक उचित होय. दुसरा, राज्याच्या घटकांत सार्वभौमत्वाचे स्थान इतर तिहींहून भिन्न आहे, कारण ते दावा व मान्यता यांच्या परस्परसंबंधातून उभे राहते. तिसरा, राज्यसंस्था व शासन यांतील भेद केवळ परिभाषेचा नाही. शासनावरील टीका म्हणजे राज्याशी द्रोह नव्हे, हे लोकशाहीचे मूलभूत तत्त्व याच भेदावर आधारलेले आहे. हा भेद ज्या विद्यार्थ्यास उमगला नाही, त्यास चारही घटक पाठ असले तरी नागरिक म्हणून त्याचे आकलन अपुरेच राहील.