दोन सेकंदांची गाडी

आदिलाबादच्या शोरूममध्ये पहिली स्पोर्ट्स बाईक बघायला आलेला मुलगा दोनच प्रश्न विचारतो: किती सीसी आणि टॉप किती? सोबतचे वडील तिसरा विचारतात, ॲव्हरेज किती देते? प्रश्न तिन्ही रास्त आहेत, पण नव्या गाडीवरचे पहिले सहा महिने कसे जातील याचा अंदाज त्यांतल्या एकातूनही लागत नाही. त्यासाठी चौथा प्रश्न हवा. चालवणारा चुकला, तर ही गाडी किती सांभाळून घेते? हा प्रश्न भावनिक वाटतो खरा, पण त्याचं बरंचसं उत्तर भौतिकशास्त्रात सापडतं.

सुरुवात घरच्याच गाडीपासून करू. बेला, जैनथ, तामसी या पट्ट्यातली बहुतेक मुलं वडिलांच्या किंवा काकांच्या स्प्लेंडरवर शिकतात. स्प्लेंडरची ताकद सुमारे ८ अश्वशक्ती, वजन ११२ किलो. त्यावर ६५ किलोचा मुलगा बसला की एकूण वजनाच्या एका टनामागे ४५ अश्वशक्ती पडतात. हाच हिशोब यामाहाच्या १५५ सीसी आर१५ ला लावला, तर आकडा ९० च्या जवळ जातो. केटीएमची आरसी २०० साधारण ११० वर आणि आरसी ३९० थेट १८० च्या पुढे. हायाबुसाचं काढायचंच म्हटलं, तर पावणेसहाशे. म्हणजे स्प्लेंडरवरून आर१५ वर गेलेला मुलगा दुप्पट पिकअपच्या गाडीवर बसतो आणि आरसी ३९० वर गेलेला चौपट. मनगटाला मात्र जुन्याच गाडीची सवय असते. ॲक्सिलरेटर कितपत पिळायचा, हे ते स्प्लेंडरच्या मापानं ठरवतं.

नुसत्या सीसीवरून हे कळत नाही, कारण इंजिन ताकद कुठल्या वेगाला देतं हेही महत्त्वाचं. आर१५ ची पूर्ण ताकद मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर मिळते. तिच्या हवा आत घेणाऱ्या झडपांसाठी दोन वेगळे कॅम आहेत आणि साधारण ७,४०० फेऱ्यांच्या आसपास गाडी एकावरून दुसऱ्यावर जाते. त्याखाली ती बऱ्यापैकी शांत असते. गुडिहत्नूरच्या चौकात मुलानं घाईत ॲक्सिलरेटर जास्त दिला, तरी गाडी हातातून निसटून पळत नाही. आरसी ३९० च्या ३७३ सीसी इंजिनात मधल्या फेऱ्यांनाच भरपूर टॉर्क असतो, त्यामुळे तीच चूक तिथे अंगाशी येते. दोष इंजिनाचा नाही. ते ज्याच्यासाठी बनवलं, तो चालवणारा दोन-तीन वर्षं पुढचा आहे, इतकंच.

मग आर१५ च्या १८ अश्वशक्ती कमी पडतात का? हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो भेदायला लागणारी ताकद घनानं. वेग दुप्पट करायचा, तर ताकद आठपट लागते. छोट्या फेअरिंगच्या गाडीला ताशी १०० किमीला निव्वळ हवा कापायला सहाएक अश्वशक्ती पुरतात, १४० ला सोळा लागतात. आदिलाबादहून नागपूरला किंवा हैदराबादला जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर, जुन्या लोकांच्या भाषेत सात नंबरच्या हायवेवर, नियमात राहून जे काही करता येईल ते या १८ मध्ये होतं. त्यावरची ताकद रेस ट्रॅकवर कामाची. इन्स्टाग्रामवरही असेल.

खरी गोष्ट पळण्याची नसून थांबण्याची आहे. १९८१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी एक अहवाल दिला. त्यांच्या पथकानं लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा घटनास्थळी जाऊन तपास केला होता. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. एकूण गाडी चालवायला लागून त्यांना जवळपास तीन वर्षं झाली होती, तरीही! धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत मिळालेला वेळ सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहून कमी होता. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की चाक लॉक होऊन घसरलं, आणि पुढचा ब्रेक पुरता वापरलाच नाही. वेग किती होता? मधला आकडा ताशी ४८ किमीच्या आसपास.

अहवाल जुना आणि परदेशातला आहे, पण आपल्याकडचं वर्णन असल्यासारखा वाचता येतो. ‘पुढचा ब्रेक मारू नको, पलटी खाशील’ हा सल्ला कुणाला मिळालेला नाही? खडीच्या रस्त्यावर तो चुकीचाही नव्हता. डांबरावर मात्र गणित उलटं आहे. ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं. दोन चाकांमध्ये सव्वातेराशे मिलिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे साठ सेंटिमीटरवर असलेल्या गाडीला जोराचा ब्रेक लावला, की ऐंशी टक्क्यांहून अधिक भार पुढच्या टायरवर येतो. मागचा टायर जवळजवळ रिकामा होतो, आणि रिकामा टायर कितीही दाबला तरी गाडी थांबवत नाही. दोन्ही ब्रेक नीट लावले, तर कोरड्या डांबरावर ६० च्या वेगातून सुमारे २० मीटरमध्ये थांबता येतं. फक्त मागचा दाबला, तर त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. वेग १०० असेल, तर दोन्ही ब्रेक लावूनही ५५ मीटर. शिवाय लक्षात येऊन बोटं ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, त्यात २८ मीटर आधीच गेलेले. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर किंवा बंडी बाजूच्या धुऱ्यावरून अचानक रस्त्यावर चढते, तेव्हा हे मीटरच कामाला येतात किंवा कमी पडतात.

म्हणून पहिल्या गाडीत माझ्या मते घोड्यांच्या आकड्याआधी एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारं ब्रेकचं तंत्र, बघावं. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे, पण काहींत ते फक्त पुढच्या चाकाला असतं आणि काहींत दोन्ही चाकांना. चाकाशेजारचा सेन्सर चाकाची गती मोजत राहतो. चाक एकाएकी थांबू लागलं की झडप ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा धरते, आणि हे सेकंदाला अनेक वेळा होतं. घाबरून लिव्हर आवळणाऱ्या नवख्याची चूक ते पोटात घालतं. दोन्ही चाकांना असलेलंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. सैल खडीवर मात्र एबीएसमुळे थांबायचं अंतर थोडं वाढतं, हे शोरूममधला माणूस सहसा सांगत नाही.

दुसरी परीक्षा वळणाची. पावसाळ्यात कुंतलाचा धबधबा बघायला नेरडिगोंड्याकडे बाईकवाल्यांचे घोळके निघतात. कुणी निर्मलच्या बाजूच्या महबूब घाटापर्यंत जातो. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ५० ला गाडी साधारण २१-२२ अंश झुकवावी लागते, ७० ला जवळपास ३८ अंश. वेग वीसनं वाढला, पण टायरकडून मागितलेली पकड दुप्पट झाली, कारण इथेही वेगाचा वर्ग आहे. कोरडं स्वच्छ डांबर ही पकड देऊ शकतं. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीचा चिखल सांडलेला ओला रस्ता त्याच्या निम्मीही देत नाही. या समीकरणात सीसी नाही, वजनही नाही. गाडी महागडी असो की साधी, पकड संपली की संपली. फरक इतकाच की जास्त ताकदीची गाडी दोन वळणांमधल्या छोट्या सरळ तुकड्यात नकळत ७० वर नेऊन ठेवते.

वळणात आणखी एक गंमत आहे. बऱ्यापैकी वेगात उजवीकडे वळायचं, तर हँडलची उजवी बाजू क्षणभर पुढे ढकलावी लागते. पुढचं चाक किंचित डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे झुकते. विमानवाले राइट बंधू मुळात सायकलवाले, आणि विल्बर राइटनं ही गोष्ट सायकलस्वारांत नेमकी हेरली होती. सगळे हे नकळत करतात. अडचण घाबरल्यावर येते, कारण तेव्हा हात ताठ होतात. स्पोर्ट्स बाईकचं खाली बसवलेलं हँडल अंगाचा भार मनगटांवर आणतं, त्यामुळे नवख्याचे हात आधीच ताठलेले असतात. गुडघ्यांनी टँक घट्ट धरला की भार कमरेवर येतो आणि हँडल मोकळं राहतं. ज्या गाडीवर बसल्यावर हे सहज जमत नाही, ती तुमच्या मापाची नाही.

मापाचंच चाललंय तर उंची बघा. आर१५ ची सीट ८१५ मिमी, नव्या आरसी २०० ची ८३५, स्प्लेंडरची ७८५. कावासाकी निंजा ३०० ची ७८० म्हणून ती सोपी वाटते, पण वजन १७९ किलो. नवखे बरेचदा चालत्या गाडीवरून पडत नाहीत. उभी गाडी वळवताना पाय टेकत नाही आणि ती आडवी होते. खाली हँडल असलेल्या गाड्यांचं हँडल कमी वळतं, त्यामुळे बाजारातल्या गल्लीत यू-टर्न एका फेरीत होत नाही. म्हणून शोरूममध्ये बसल्या जागी हँडल दोन्ही टोकांना फिरवून बघावं, आणि पायांनी ढकलत गाडी मागे घेऊन बघावी.

आणि डबलसीट. आपल्याकडे बाईक एकट्याची नसते. आईला इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला नागोबाच्या जत्रेला न्यायचं असतं, वडिलांना मोंढ्यात. स्पोर्ट्स बाईकची मागची सीट अरुंद आणि उंच. तिथे माणूस बसला की गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, पुढचं चाक हलकं होतं आणि वळताना गाडी उशिरा ऐकते. घरात ही एकच गाडी राहणार असेल, तर पुढे कमी झुकून बसावं लागणारी, रुंद हँडलची १६० सीसीची साधी गाडी घ्यावी, असं मी म्हणेन. ती दिसायला कमी रुबाबदार वाटेल, पण वर सांगितलेलं सगळं शिकवायला पुरेशी आहे.

कायदा यात मदत करत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला मिळणाऱ्या गिअरच्या मोटरसायकलच्या लायसन्सवर स्प्लेंडरही चालते आणि हायाबुसाही. युरोपात सोळाव्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची मुभा आहे, अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची. मोकळं लायसन्स हवं, तर आणखी दोन वर्षांनी किंवा थेट चोविसाव्या वर्षी. शिवाय ३५ किलोवॉटच्या पायरीवर किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. आपल्याकडे ही पायरी घरानंच घालून घ्यायची. आधी १५०-२०० सीसी, आणि पुढचं पाऊल एक पावसाळा आणि एक हंगाम गेल्यावर.

बजेट कमी असेल तर जुनी गाडी चांगलीच, कारण पहिल्या वर्षात ती एकदा तरी आडवी होते आणि नव्या फेअरिंगची किंमत ऐकून वडिलांचं डोकं दुखतं. वाचलेल्या पैशांतून आयएसआयचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट आणि हातमोजे घ्या, कारण पडताना माणूस आधी तळवे टेकवतो. जुन्या गाडीचा रंग सगळे बघतात, टायरची तारीख कुणी बघत नाही. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो आणि त्यात उभ्या गाडीचं रबर वर्षागणिक कडक होत जातं. नक्षी शाबूत दिसली तरी पकड गेलेली असते. टायर पाच-सहा वर्षांचा निघाला, तर नव्या जोडीचे पैसे किमतीतून आधी वजा करायला सांगा आणि मगच भाव करा.