सोलापूरचा स्टुडिओ, कोकणचा किनारा : घरगुती फोटोग्राफी व्यवसायाचा हिशेब

सोलापूरला समुद्र नाही. तरीही हल्ली इथल्या फोटोग्राफरला विचारणा होते, "लग्न रत्नागिरीकडे किनाऱ्यावर आहे, याल का?" वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ, मुलाच्या हाती कॅमेरा, सून संगणकावर अल्बम जुळवते. असे अनेक छोटे घरगुती व्यवसाय आपल्या समाजातही आहेत. किनाऱ्यावरचे काम स्वीकारण्याआधी त्यांनी काय लक्षात घ्यावे, ते पाहू.

पहिली गोष्ट भरतीची. कोकणातले मच्छीमार तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढतात. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, अर्थात सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकरा येतो, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती. त्यामुळे पौर्णिमेच्या सूर्यास्ताला ओहोटी असते आणि मोकळी, ओली वाळू मिळते. मात्र त्याच दिवशी दुपारी उधाणाचे पाणी खूप वर येते. पौर्णिमेला मंगल परिणय ठेवणाऱ्या कुटुंबाला मंडप कुठे घालावा, हे आधीच सांगावे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून तपासावी.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या वधूवरांच्या मागे सूर्य येतो आणि चेहरे काळवंडतात. सकाळी मात्र उजेड जमिनीच्या बाजूने येऊन चेहऱ्यावर पडतो. त्यातच बौद्ध विवाहात वधूवर बहुधा पांढऱ्या वस्त्रांत असतात. पांढरे कपडे आणि चकाकणारी वाळू पाहून कॅमेऱ्याचे मीटर फसते, फोटो करडा व अंधारा येतो. एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते, पण फार वाढवले तर साडीचा पोत पुसला जातो. म्हणून रॉ फाइलमध्ये काढावे आणि हिस्टोग्रामवर नजर ठेवावी.

तिसरी गोष्ट विधीची. सप्तपदीची सवय असलेला फोटोग्राफर इथे चुकतो. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पार्पण, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार असा हा विधी थोडक्यात आटोपतो. प्रतिज्ञेचा क्षण हुकला की तो पुन्हा मिळत नाही. वाऱ्यात मेणबत्ती विझते, म्हणून काचेचे आवरण न्यावे. लाटांच्या आवाजात प्रतिज्ञा ऐकू येत नाहीत, म्हणून विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांच्या किंवा भन्तेजींच्या आणि वधूवरांच्या जवळ छोटा माइक ठेवावा. विधीचा एक स्वच्छ फोटो वेगळा काढून द्यावा, विवाह नोंदणीच्या अर्जासोबत तो मागितला जातो.

आता पैशाचा हिशेब. समजा, ६०,००० रुपयांचे काम मिळाले. सोलापूर ते रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक, आंबा घाटातून जाणे-येणे. गाडीला ९,०००, राहणे-जेवणाला ८,०००, व्हिडिओवाल्या मदतनिसाला ८,००० आणि अल्बमला १२,००० गेले, तर हाती २३,००० उरले. प्रवासाचे दोन, कामाचे दोन आणि एडिटिंगचे आठ असे बारा दिवस दोघे राबले, म्हणजे २४ मनुष्यदिवस. तीन लाखांचे साहित्य पाच वर्षे टिकते आणि वर्षाला वीस कामे होतात असे धरले, तर प्रत्येक कामामागे ३,००० रुपये साहित्याची झीज. उरले २०,०००, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ८३३ रुपये. ६०,००० चा आकडा मोठा दिसतो, पण घरात येते ते एवढेच.

हा हिशेब मांडला नाही तर तोटा कुणाच्या माथी येतो? रात्री जागून फोटो निवडणाऱ्या बायकोच्या, सुनेच्या. तिचे काम 'घरचेच' म्हणून वहीत धरलेच जात नाही. मग दर पाडून घेतले जातात आणि तिची मजुरी त्यातच जिरते. तिच्या नावाने रोजंदारी लिहावी आणि ती रक्कम तिच्या खात्यात जावी. दर त्यानंतर ठरवावा.

कॅमेऱ्यासाठी खासगी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीज भांडवल योजना पाहावी. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या या योजनेत बँकेचा वाटा ७५ टक्के, महामंडळाचा २० टक्के आणि अर्जदाराचा ५ टक्के असतो. महामंडळाचे काम जिल्हा कार्यालयातून चालते. नियम बदलतात, म्हणून सध्याच्या अटी तिथेच विचाराव्यात.

शेवटी लेखी करार. त्यात आगाऊ रक्कम, तारीख, प्रवासखर्च, पाऊस आल्यास काय आणि अल्बम कधी मिळेल, हे लिहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणाऱ्याची असते. त्यामुळे जाहिरातीसाठी फोटो वापरायचा तर परवानगी करारातच घ्यावी. घरी परतण्याआधी सर्व फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर आणि वेगवेगळ्या बॅगांत ठेवाव्यात. खारे वारे कॅमेऱ्याचेही नुकसान करतात, तो त्याच रात्री पुसून कोरडा करावा.

कॅमेरा बिघडला तर दुरुस्त होईल. पण प्रतिज्ञा घेणाऱ्या लेकीकडे पाहणारी आई पुन्हा त्या जागी उभी करता येत नाही. घेतलेल्या पैशाचे आपले उत्तरदायित्व तेवढे आहे.