मारुतीपुढची माती

आखाड्यात शिरताना चपला बाहेर. समोर शेंदूर फासलेला मारुती, त्याच्या पुढ्यात कुस्तीच्या मातीचा हौद. पहिलवान आधी मारुतीच्या पाया पडतो, मग वाकून हौदातली माती कपाळाला लावतो आणि मगच आत उतरतो.

दोस्तांनो, ती माती नीट बघा. तांबडी आहे! आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जिकडे तिकडे कपाशीची काळी माती, मग ही तांबडी कशाला आणायची?

कारण काळी माती मोठी हट्टी. पाणी पडलं की फुगते आणि चपलेला धरून बसते. वाळली की आकसते; उन्हाळ्यात तर वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्या ढेकळांवर पाठ टेकवून बघा, कळेल! तांबडी माती भुसभुशीत. तिला रंग येतो तो लोखंडामुळे, गंजाला येतो तसाच. ती चाळतात, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात आणि रोज खणून मऊ ठेवतात.

कुस्ती रंगली की अंग घामाने निसरडं होतं, पकड सुटते. म्हणून पहिलवान मूठभर माती अंगाला चोळतो. माती घाम शोषते, घर्षण वाढतं, पकड बसते. आपल्या आखाड्यात मारुती, तर जपानमध्ये सुमो पहिलवान लढतीआधी आखाड्यात मीठ फेकतात, जागा पवित्र व्हावी म्हणून. त्यांच्या मातीच्या रिंगणावर शिंतो देवळासारखं छप्परही टांगलेलं असतं. देव आणि कुस्ती तिकडेही शेजारी शेजारीच!

आता गंमत. आपल्या आखाड्यातच मल्लखांबही असतो आणि त्याला चक्क एरंडेल चोळतात. इथे घर्षण कमी करायचं असतं, नाहीतर सरसर फिरताना कातडी सोलून निघेल. पण फार तेलही नको, मांडीची पकड सुटेल. मल्लखांबाच्या टोकाला म्हणतात बोंड. आपल्या कपाशीलाही बोंडच! आखाड्यातले असे देशी खेळ परदेशातही पोचलेत. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६च्या ऑलिम्पिकच्या वेळी थेट बर्लिनमध्ये आपले देशी खेळ करून दाखवले होते.

आखाड्यात गेलात की वस्तादांना विचारून हौदातली मूठभर माती दाबून बघा. मूठ उघडली की ती मोकळी होऊन बोटांतून गळेल. मग घरी जाताना वावरातली ओली काळी माती तशीच दाबा. गोळ्यावर तुमच्या पाचही बोटांचे ठसे सापडतील.